शेजारच्या सीटचं काम

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी अर्ध्या शहराला क्लच सोडायला शिकवलं, तेही ओरडून ओरडून. आता त्यांचाच डावा गुडघा क्लच दाबताना कुरकुरायला लागला, तशी लेक हट्टाला पेटली, "बाबा, आता ऑटोमॅटिकच घ्यायची."

"ऑटोमॅटिक म्हणजे चाकं लावलेला सोफा!" मास्तर गुरगुरले. पण लेकीपुढे त्यांची डाळ कधीच शिजली नव्हती.

लग्नानंतर लवकरच मास्तरांचा डावा हात मोडला होता. हात प्लास्टरमध्ये, म्हणून शेजारी बसलेली बायको गिअर टाकू लागली. मास्तर क्लच दाबून "हं" म्हणायचे, की ती खटकन गिअर बदलायची. हात बरा झाला, सवय मात्र जन्माची लागली. दोघांचा अबोला असला, तरी "हं" म्हटलं की गिअर पडायचाच. ती गेल्यावर मास्तर स्वतःच गिअर टाकू लागले, पण आधी "हं" म्हटल्याशिवाय हात पुढे होत नसे.

शोरूमची गाडी चालवून बघायला ते निघाले. शेजारी सेल्समन, मागे लेक. गाडी अलगद निघाली, वेग वाढला, आणि मास्तरांचा डावा पाय रिकाम्या जागेवर दाबला गेला.

"हं," ते म्हणाले.

"काही हवंय का, काका?" सेल्समनने विचारलं. मागे लेकीने तोंड खिडकीकडे फिरवलं.

मास्तरांनी गाडी कडेला घेतली.

"गाडी झकास आहे हो," ते म्हणाले. "पण शेजारच्या माणसाला हिच्यात काही कामच नाही."