वाळूचे टायर

जीप गॅरेजात शिरली की मिस्त्री ड्रायव्हरकडे बघत नसत. उकिडवे बसून टायरवर पंजा ठेवत आणि विचारत, "कुठं जाऊन राहिले?" नदीवर म्हटलं की मान हलवत. "मंग हे टायर नाही चालत."

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. मी नागपूरहून सर्वेक्षणाच्या कामावर आलो होतो. कारखान्याच्या पाण्यासाठी शिवनाथ नदीच्या पात्रात विहिरी खोदणं चालू होतं आणि आमची जीप सारखी वाळूत रुतायची. मिस्त्री गॅरेजात टायर सांभाळत. भंडाऱ्याकडचे, किडकिडीत, पन्नाशीला आलेले. बाकी सगळे पंजाबी, मल्याळी, बंगाली. मराठी बोलायला त्यांना मीच काय तो सापडलो होतो.

दुसऱ्या महायुद्धात ते फौजेच्या ट्रकांबरोबर इजिप्तच्या वाळवंटात होते. "वाळू कापाची नसते भाऊ, तिच्यावरून तरंगाचं असते," ते सांगत. "नव्या टायराचे दात कुदळीवानी खोदतात. टायर रुंद पाह्यजे, झिजलेलं पाह्यजे, अन् चारही एका मापाचे. हवा काढली का त्याले पोट सुटते. मंग वाळू उचलून धरते."

एकदा मी घरचं विचारलं.

"लढाईवरून आलो तं घरात कोनी नव्हतं. बायको अन् पोरगी, दोघी पटकीनं गेल्या. पत्र धाडलं होतं म्हने. मले भेटलं नाही."

आणि ते पुन्हा रिमचा गंज खरवडू लागले.

एका उन्हाळ्यात आमच्या इंजिनिअर साहेबांनी जीपला नवे, खोल दातांचे टायर चढवायला लावले. मिस्त्री म्हणाले, "साहब, ये खोदेंगे." साहेब हसले. "इंजीनियर तुम हो या मैं?" मग मिस्त्री हातपंप उचलून, कोणी न सांगता, आमच्या मागे जीपमध्ये चढले.

दुपारी विहिरीची कड ढासळली. माती वाहणारी एक बाई कमरेपर्यंत गाडली गेली. बाहेर काढली तेव्हा तिचा पाय मोडला होता आणि ती पांढरीफटक पडली होती. तिला जीपमध्ये निजवलं, ड्रायव्हरनं जोरात गाडी रेटली, आणि चारही चाकं जागच्या जागी फिरत आसापर्यंत वाळूत गेली. तिचा नवरा रडत मागून ढकलू लागला.

"गाड़ी बंद कर!" मिस्त्री ओरडले. त्यांना ओरडताना मी तेव्हा एकदाच ऐकलं. आगपेटीची काडी व्हॉल्व्हमध्ये दाबून ते एकेका चाकाची हवा सोडू लागले.

"अजून काढा ना!" मी म्हणालो.

"नाही भाऊ. जास्त काढली तं टायर रिमवर सरकते, ट्यूबची मान तुटते, मंग हवाच राहत नाही."

हातांनीच त्यांनी चाकांपुढची वाळू उपसली. ड्रायव्हरला म्हणाले, "अब धीरे. चक्का घूमना नहीं चाहिए, चलना चाहिए." जीप जराशी थरथरली आणि कोणी खालून हात द्यावा तशी वर आली. रस्ता लागताच हातपंपानं पुन्हा हवा भरली, आणि दवाखान्यापर्यंत मिस्त्री त्या बाईचं डोकं मांडीवर धरून बसले होते.

बाई वाचली. तिचा नवरा गॅरेजात येऊन मिस्त्रींच्या पाया पडला. "बबा, हमर घर आबे."

पुढं कित्येक दिवस मिस्त्री मला विचारत, "बोलावलं हाय त्यानं. जाऊ का?"

"जा ना!"

"जाऊन बोलू काय?"

ते गेले नाहीत.

मग माझं लग्न झालं, सेक्टर सहामध्ये क्वार्टर मिळालं. मिस्त्री एकदा आले, पायरीवरच बसून चहा प्यायले आणि "येतो" म्हणून उठले. बायको म्हणाली, त्यांना जेवायला बोलवा. पुढच्या रविवारी, मी म्हणालो. नदीचं काम संपलं होतं, मी ऑफिसात नकाशे काढत होतो. रविवार येत राहिले.

बऱ्याच महिन्यांनी जीप लागली म्हणून गॅरेजात गेलो. त्यांच्या जागी दुसराच माणूस होता.

"वो तो गुज़र गए. महीना हो गया. बुख़ार था."

माझ्या घरापासून गॅरेज सायकलनं पंधरा मिनिटांवर होतं.

"मुझे किसी ने बताया नहीं."

"किसको बताते? घर का कोई मिला ही नहीं." हात पुसत त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आप कौन लगते थे उनके?"

"हमारी तरफ़ के थे," एवढंच मला म्हणता आलं.