रुमालाखालचा सौदा

होटगी रोडचा वृद्धाश्रम चालवणाऱ्या बाई हसत नाहीत. मी दर रविवारी जातो, तरी "बसा की" एवढंच स्वागत.

स्मृतिभ्रंशामुळे अण्णा, माझे वडील, मलाही ओळखेनासे झाले, तेव्हा जागा मीच शोधली. पुण्याच्या भावाने फोनवरून फक्त सल्ले दिले. बघायला गेलो त्या प्रत्येक आश्रमात अण्णांना बाळासारखं "हो हो, आजोबा" करायचे आणि मी भांडून निघायचो.

अण्णा शेळ्यामेंढ्यांचे व्यापारी. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. इथे येताच त्यांनी बाईंचा हात रुमालाखाली ओढला. मंद्रूपच्या बाजारात वाढलेल्या बाईंनी बोटं दाबली आणि मान हलवली.

"न्हाय जमत. बोकड म्हातारा हाय."

कित्येक महिन्यांनी अण्णा चिडले. "म्हातारा? दात बघा की त्याचं."

"बघितलं. भाव उतरवा."

"अहो बाई, त्यांना त्रास होईल," मी ओरडलो.

अण्णांनी बाईंना विचारलं, "ह्यो दलाल तुमचा काय?"

"माजा न्हाय. तुमच्याच घरचा दिसतोय, तुमच्यावानीच तापट हाय."

अण्णांनी मला न्याहाळलं आणि बाकावर सरकून जागा केली. "बस. पर मधी बोलू नको."

जन्मात पहिल्यांदाच मी एका सौद्यात गप्प बसलो. अण्णांची जागा ठरली होती.