फोटोला लावलेली तीट

हसायचं असेल तर आधी चहा संपवा. नाहीतर तुम्हाला ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटायचं. मी करून ठेवलंय तसंच. पंचवटीच्या भाजीबाजारात अजून चार बायका मला बघितलं की पदर तोंडाला लावतात.

त्याचं असं झालं. आमची तनू, वय सव्वा वर्ष, जेवेना आणि झोपेना. वरणभात पुढं केला की दुकानाचं शटर पाडावं तसं तोंड मिटायची. डॉक्टर म्हणाले, दात येतायत, होईल बरं. दात तिला येत होते आणि झोप माझी गेली होती. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, काही फरक नाही. मी पोळ्या लाटता लाटता उभ्यानं डुलकी घ्यायला शिकले. एकदा तर दुधाचं पातेलं कपाटात आणि तनूची घडी केलेली दुपटी फ्रीजमध्ये ठेवली. सासूबाईंना ती सापडली, त्यांनी ती उन्हात वाळत टाकली. त्याचं जास्त लागतं.

त्यात रविवारी सकाळी शेजारच्या मंदाताई दारातूनच म्हणाल्या, "काय गं, पोरीचा फोटो लागला गल्लीत, सांगितलं पण नाहीस."

"कसला फोटो?"

"अगं, ते फोटोवाले काका आहेत ना म्हातारे, त्यांनी आज गल्लोगल्ली फोटो लावलेत. आपल्या पंचवटीचे. एक बघायचा, खाली बाण असतो, बाणानं पुढं गेलं की दुसरा. लोक चालत चालत बघतायत. त्यात तुझी तनू आहे. दोन शेंड्या, नाक, सगळं सेम टू सेम. जो येतो तो थांबून बघतोय बाई."

जो येतो तो थांबून बघतोय. अख्खं नाशिक माझ्या पोरीकडं टक लावून बघणार, मग तिच्या घशाखाली घास उतरेल कसा? आणि मला आठवलं, आदल्या आठवड्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बाजारात तनूकडं बघून हसले होते. झालं, सगळं जुळलं.

"कुठं लावलाय?"

"ते नाही बाई लक्षात. बाणानं जा ना."

काजळाची डबी कमरेला खोचली, तनूला काखेत मारलं आणि निघाले. पोरीला दृष्ट लागू नये म्हणून आपण गालावर तीट लावतोच की. मग फोटोतल्या गालावर का नको? हा माझा विचार. सातवीपर्यंत शिकलेय मी, पण त्या सकाळी तेवढंही डोक्यात शिल्लक नव्हतं.

पहिला फोटो पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर. गिरणीवाला पिठानं पांढराफटक झालेला, डोळे तेवढे काळे. तनू नाही. पुढं चला. दुसरा घाटाच्या पायऱ्यांजवळ, धुणं आपटणाऱ्या बायकांचा. त्याच्याच खाली खऱ्या बायका धुणं आपटत होत्या. तिथंही तनू नाही. एका बोळातल्या फोटोत रिक्षाच्या मागच्या सीटवर शेळी बसलेली, अगदी भाडं ठरवून बसल्यासारखी. माझी पोर ते बघून खिदळली. मला मात्र रडू यायला झालं होतं.

लग्न होऊन आल्यापासून घर, बाजार आणि दवाखाना एवढीच पंचवटी मला माहीत. तिच्या पोटात एवढ्या गल्ल्या आहेत हे त्या दिवशी पायांनी सांगितलं. दुसरी कुणी असती तर मजेत बघत गेली असती. मी फोटोत तनू आहे का बघायचे, नसली की बाण.

सगळे फोटो काळेपांढरे. तुम्ही म्हणाल, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण हल्ली मोबाइलमध्ये बटण दाबलं की कुणीही काळंपांढरं होतं. मला वाटलं, फॅशन.

शेवटचा बाण भाजीबाजाराकडं होता. तिथं भिंतीवर ती दिसली. मेथीच्या जुड्यांत बसलेली, अंगात फ्रॉक, रिबिनीच्या दोन शेंड्या, ओठ पुढं काढलेला. माझी तनूच. समोर दोघं-तिघं उभे होते. "काय गोड आहे," एक मुलगी म्हणाली. गोड म्हणाली म्हणजे लागलीच की दृष्ट. मी तिला बाजूला सारलं, काजळात अंगठा बुडवला आणि फोटोच्या गालावर टेकवला.

उन्हानं काजळ पातळ झालेलं. ते ओघळलं. मी पदरानं पुसलं, तर ते ओठावर पसरलं. थुंकी लावून पुसलं, तर दुसऱ्या बाजूलाही गेलं. माझ्या पोरीला बघता बघता झुपकेदार मिशा आल्या.

"ताई, काय करताय?" मागून आवाज आला. पांढरी दाढी, गळ्यात कॅमेरा. फोटोवाले काका.

"तुम्हीच का ते? कुणाला विचारून लावला माझ्या पोरीचा फोटो? आधीच चार दिवस जेवली नाही ती."

काकांनी माझ्याकडं बघितलं, तनूकडं बघितलं, मग मिशांकडं. "ताई, हा फोटो काढला तेव्हा तुमचाही जन्म झाला नसेल. सगळे जुनेच आहेत हे. आणि मुलगी नाही ही. इथं मेथी विकायच्या त्या सखूबाई, त्यांचा मुलगा."

सखूबाई. म्हणजे माझ्या सासूबाई. त्या अजूनही तिथंच, हाकेच्या अंतरावर बसतात. तोवर कुणीतरी हाक मारलीही होती.

सासूबाई हात पुसत आल्या. फोटोसमोर थांबल्या. "दादूच हाय, तुझा नवरा. जावळ काढायच्या आधीचा. हौस म्हणून माझ्या पातळाचा फ्रॉक शिवला होता, लय द्वाड होता, मेथी खायचा कच्ची." मग जवळ जाऊन डोळे बारीक केले. "अन् ह्याला मिशा कुणी काढल्या गं?"

मी अंगठा पदरात लपवला. तनूनं माझं नाक धरून ओढलं. मघाची ती मुलगी मोबाइल काढून माझाच फोटो काढत होती. मी काकांना म्हटलं, "पुसून देते." ते घाईघाईनं मध्ये उभे राहिले. "नको नको, तुम्ही आता काही पुसू नका."

दुपारी आमचे हे घरी आले. सासूबाईंनी सगळा किस्सा मिशांसकट सांगितला. हे एवढे हसले, एवढे हसले, आणि हसता हसता ताटातलं सगळं संपवून पुन्हा भात मागितला. वर तनूचा वरणभातही पुसून खाल्ला. मग पंख्याखाली आडवे झाले ते घोरायलाच लागले.

तनू माझ्या पोटावर उभी राहून नाचत होती. तोंडाचं शटर पाडलेलंच.

सासूबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. लेकाचं घोरणं ऐकून मान हलवत म्हणाल्या, "तीट लागू पडली बघ पोरी. लावली तेवढी भलत्याला."