बिनखिडकीच्या खोलीतला फोटो

हा ग्रुप मी रोज वाचतो, पण लिहितोय पहिल्यांदाच. माझं शिक्षण नववीत सुटलं, तेव्हा चुका पोटात घाला. आणि आधीच सांगतो - भूत, करणी, चकवा असलं काही मी कधी मानलं नाही. आमच्या धंद्यात काटा दाखवेल तेवढंच खरं. इथले अनुभव मी भट्टी थंड व्हायची वाट बघत वाचायचो आणि हसायचो. लिहिणाऱ्यांची आज माफी मागतो.

मी मूळचा म्हसवडच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा. राहतो कोइमतूरला. आमच्या भागातली कितीतरी पोरं गलाईच्या कामाला बाहेर आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. कुठल्याही शहरातल्या सराफ बाजारात जा, मागच्या बोळात आमच्याकडचा कोणीतरी भट्टीपुढे बसलेला सापडेलच.

मला तिकडे नानांनी नेलं. नाना विट्याकडचे, माझे कोणी लागत नाहीत. पण मला टायफॉइड झाला तेव्हा हा माणूस दवाखान्यात खुर्चीवर बसून राहिला, आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, दोन घास जास्तच घातले, कमी कधी नाही. त्यांनी सांगितलं आणि मी केलं नाही असं आजवर झालेलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

नानांनी तिकडे विट्याकडे, आपल्या गावाबाहेर माळावर बंगला बांधला. त्यात एक ऑफिस काढलं - आत तिजोरी, एसी, आणि खिडकी एकही नाही. दार आमच्या दुकानासारखं. लोखंडी, ओढलं की आपोआप लॉक होणारं, आणि बाहेरून काय, आतूनसुद्धा चावीशिवाय न उघडणारं. दुकानात ते बरोबर असतं, आत शिरलेला चोर आतच राहावा म्हणून. घरात असलं दार कोण बसवतं? पण आमच्या माणसाला दुसरं दार माहीतच नसतं.

काकी म्हणाल्या होत्या, "आवं, घरात तरी खिडकी ठेवा की एक."

"सवय न्हाई गं," नाना म्हणाले. "सगळा जन्म भट्टीपुढं भिंतीकडं तोंड करून गेला. एक करू. खिडकीएवढा मोठा फोटो लावू, आपल्याकडच्या डोंगराचा. खुर्चीत बसलं की पुढं डोंगर."

म्हणून मी वास्तुशांतीच्या आधीच गावाकडे आलो. मंडप, आचारी, आणि हा फोटो, एवढं माझ्याकडे होतं. कोणीतरी साताऱ्यातल्या एका मॅडमचं नाव सुचवलं. त्या फोटो काढतात आणि मोठ्या प्रिंट करून विकतात, फाइन आर्ट प्रिंट म्हणतात त्याला. त्यांच्या घरी गेलो आणि चप्पल कुठे काढू इथपासून मला घाम फुटला. भिंतीवर सगळीकडे धुकं, कातळ, पाणी. मी नानांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन एकेका फोटोपुढे धरत गेलो.

"थांब थांब... ह्योच," नाना म्हणाले.

कोयनानगरकडे जाणारा घाट. काळा-पांढरा. एक वळण, कठडा, मागे धुक्यात बुडालेला डोंगर. बाकी काही नाही.

मागून काकींचा आवाज आला, "त्यात एखादं देऊळ तरी पायजे हुतं. माणूस न्हाई, जनावर न्हाई... नुसता धूर. ह्याला पैसं द्यायचं?"

"भट्टीचा धूर फुकट बघितलास की एवढी वर्सं," नाना म्हणाले. "ह्यो इकत घे."

मॅडमही हसल्या. मग त्यांनी मला समजावलं - काच लावली तर दिव्याची चमक येते, समोरचं सगळं काचेत दिसतं आणि फोटो मरतो. त्यापेक्षा कॅनव्हासवर प्रिंट घ्या. कापडच असतं, त्यात काहीही उमटत नाही. कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीने सही केली आणि म्हणाल्या, "दत्ताभाऊ, डोळ्यांच्या उंचीला लावा. लोक उगाच छताला टांगतात."

पिकअपमध्ये गाद्यांच्या मध्ये घालून कोरेगाव, पुसेगाव करत मी तो माळावर आणला. ड्रायव्हर मला सोडून निघून गेला. मंडपवाले, नाना-काकी, सगळे परवा यायचे होते. आईला वाटत होतं मी नानांच्या भावकीत मुक्कामाला आहे, आणि भावकीला वाटत होतं मी आईकडे आहे. थोडक्यात, मी कुठे आहे हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. त्या वेळी हे डोक्यातही आलं नाही.

दुपारची वेळ. हॉलमध्ये फोन चार्जिंगला लावला. ऑफिसचं दार उघडलं आणि चावी बाहेरच्या बाजूला तशीच लटकत ठेवली, कारण दोन्ही हातांत फोटो होता. आत लाकडाच्या पॉलिशचा वास कोंडून राहिला होता. दारासमोरच्या भिंतीवर खिळे ठोकले, फोटो लावला. फरशी नवी म्हणून चपला कोपऱ्यात काढल्या. मग आठवलं, नाना फोनवर म्हणाले होते, "दार लावून बघ रं. बंद खोलीत कसं दिसतंय ते सांग मला."

मी दार ओढलं.

तो खट्ट आवाज अजून कानात आहे. हात खिशाकडे गेला... आणि मग आठवलं, चावी बाहेर.

आधी हसू आलं, खरंच. म्हटलं, एवढी वर्षं असली दारं सांभाळली आणि शेवटी मीच अडकलो. मग हाका मारल्या, दार बडवलं. त्या दाराचा आवाज दारातच मुरत होता. पक्कड लावून बघितली, स्क्रू-ड्रायव्हरने बिजागऱ्या चाचपल्या, तर त्या बाहेरच्या अंगाला. पाणी हॉलमध्ये, फोन हॉलमध्ये. ॲसिडच्या धुरावर बरीच वर्षं काढलेली माझी छाती, त्यात तो पॉलिशचा वास. श्वास बारीक व्हायला लागला. परवापर्यंत मी असा टिकणार नाही हे मला कळलं होतं.

आणि तेवढ्यात लाईट गेली.

असला अंधार मी कधी बघितला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले ते बोटाने चाचपावं लागत होतं. भिंतीला टेकून खाली बसलो. आईला हाक मारली, नानांना मारली. किती वेळ गेला, सांगता येत नाही.

मग समोर उजेड दिसला. बारीक, उभा. फोटो होता त्याच जागी.

वाटलं, डोळे फसवतायत. पण तो रुंद होत गेला. घाट नव्हताच तिथे. तिथे दार होतं. माझ्या पाठीमागचं, ऑफिसचं दार - सताड उघडं, पलीकडे हॉल, सिमेंटची रिकामी पोती, रंगाऱ्याची शिडी आणि फरशीवर पडलेलं ऊन. आरशात मागचं दिसतं ना, तसं. आणि पुढे मी. मी उठून उभा राहिलो तसा तोही उभा राहिला.

गर्रकन वळलो. अंधार. चाचपडत दारापाशी गेलो - बंद, थंडगार लोखंड. पुन्हा वळून बघितलं तर फोटोत दार उघडंच.

फोटोजवळ जाऊन हात फिरवला. काच नव्हतीच, मला माहीत होतं. बोटाखाली खरखरीत कापड आणि डोळ्यांपुढे ऊन.

मी फार विचार केला असं नाही. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजत होती. माझ्या मनात एवढंच आलं की, वळून बघितलं की दार बंद होतंय, मग वळायचंच नाही. फोटोवरची नजर न काढता मी मागे मागे सरकायला लागलो. दोन्ही हात पाठीमागे धरलेले, कधी लोखंड लागतंय म्हणून.

आणि सरकता सरकता लक्षात आलं... मी मागे चाललोय, तर फोटोतला मी लहान व्हायला पाहिजे. तो होत नव्हता. तो तिथेच उभा होता, होता तेवढाच. माझाच शर्ट, माझंच तोंड. हात खाली सोडलेले. तो मला जाताना बघत होता.

पाठीला दार लागायला पाहिजे होतं. लागलं नाही. टाचेला तापलेली फरशी लागली. मी उताणा पडलो तो हॉलमध्ये, उन्हात.

समोर ऑफिसचं दार बंद होतं. चावी बाहेरून तशीच लटकत होती.

चावी फिरवून, पुन्हा लागू नये म्हणून पाय मध्ये घालून मी ते उघडलं, कारण माझाच विश्वास बसत नव्हता. आत माझ्या चपला, टेप, पक्कड. भिंतीवर घाट, वळण, धुकं. रात्र मी अंगणात जागून काढली.

नाना-काकी आल्यावर सगळं सांगितलं. फोटोतला तो तिथेच उभा राहिला, एवढं सोडून.

काकींनी माझी दृष्ट काढली आणि म्हणाल्या, "आधी त्यो फोटो परत करा."

"वास चढला आसंल रं डोक्यात," नाना म्हणाले. पण चावी घेऊन ते स्वतः आत गेले, दार लावून, लाईट घालवून बराच वेळ बसले. बाहेर आले तेव्हा कपाळ पुसत होते. "काय न्हाई. नुसता अंधार."

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, कॅनव्हासमध्ये असं काही दिसूच शकत नाही. मग विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना आता?"

वास्तुशांती झाली, पंगती उठल्या. लोक ऑफिसात जाऊन फोटोपुढे सेल्फी काढत होते. मी त्या खोलीकडे फिरकलो नाही. परत निघायच्या दिवशी नाना एकेक खोली बंद करत आले. कपाटाचं कुलूपसुद्धा ओढून ओढून बघणारा माणूस. ऑफिसच्या दाराला त्यांनी हात घातला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, तेवढं उघडं राहू द्या."

"तिजोरी हाय रं आत."

"रिकामी हाय न्हवं ती?"

"आरं, पर का?"

माझी नजर आत गेली. नानांनी माझ्याकडे बघितलं, मग आत फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "कोण हाय का रं आत?"

"म्हाईत न्हाई, नाना."

काकी गाडीत बसून हॉर्न वाजवायला सांगत होत्या. नाना अंगणात गेले, बांधकामातली उरलेली एक वीट उचलून आणली आणि दार सताड उघडून त्याला नीट टेकवली. हलवून बघितली.

दार लागलं तेव्हा बंगल्यात मी एकटाच होतो, चावी बाहेर होती, चपला आत होत्या. मी कसा बाहेर आलो? पॉलिशचा वास चढला असं सांगू नका, ते मी स्वतःला बऱ्याचदा सांगून बघितलंय. दुसरं काही कोणाला सुचत असेल तर जरूर लिहा. बंगल्यातल्या झाडांना पाणी घालायला एक बाई येते, तिला नाना दर आठवड्याला फोन करतात. झाडांचं विचारतात, टाकीचं विचारतात. आणि फोन ठेवायच्या आधी, माझ्याकडे न बघता, वीट जागेवर आहे का ते विचारतात.