मस्कतमधले मंगळवार

मस्कतमध्ये स्टोअरकीपर म्हणून गेलो तेव्हा सत्तरीचं दशक संपत आलं होतं. माझं वय अडतीस. अनगोळला बायको, दोन मुलं आणि निम्मं बांधून झालेलं घर मागे होतं.

जागेला नावं ठेवावीत असं काही नव्हतं. खोली बारा बाय दहा, तीन खाटा, एअरकंडिशनर, नळाला दिवसभर पाणी. घरी आम्हाला पाणी दिवसाआड यायचं. हिशेबानं पाहिलं तर मी सुखात होतो, पण मला एका जागी बसवत नव्हतं. कामाच्या दिवशी निभायचं. टिकाव, फावडी, सिमेंटची पोती मोजून द्यायची, मोजून घ्यायची. तिथे सुट्टी शुक्रवारी. तो दिवस खायला उठायचा. खाटेवर पडलो की उठायचो, दारापर्यंत जाऊन परत यायचो, उगीच रस्त्याला लागून उन्हात भाजून यायचो. कंत्राट दोन वर्षांचं होतं. दुसऱ्याच आठवड्यात मी ऑफिसात आडून आडून विचारून आलो, मधेच परत जायचं झालं तर काय करावं लागतं.

खोलीत आणखी दोघं होते. एक निपाणीचा ड्रायव्हर, पूर्वी तंबाखूच्या वखारीचा ट्रक चालवलेला, तोंडानं फटकळ. दुसरा येळ्ळूरचा, तिशीतला, पायाच्या खोदाईवर. घरी तिघे भाऊ आणि भातशेत एकाला पुरेल एवढं, म्हणून हा बाहेर पडला होता.

एका संध्याकाळी येळ्ळूरकर म्हणाला, "अण्णा, तुमच्या क्यालेंडरात बघा की, आषाढ कधी लागतोय?"

मी बघून सांगितलं, "परवा."

"मग मंगळवारी मी टिकाव धरणार न्हाय."

आमच्या भागात आषाढात वार पाळतात. पंच ठरवतील त्या वारी शेतात औत जात नाही, कुणी जमिनीला लोखंड लावत नाही. येळ्ळूरला त्या साली मंगळवार ठरला होता आणि हा निघण्याआधी दवंडी ऐकून आला होता.

"अरं, ते गावच्या शिवारापुरतं," मी म्हणालो. "हितली माती येगळी."

"माती येगळी आसंल. मी गावचाच हाय न्हवं?"

"मग चमच्यानं खण," निपाणीकर म्हणाला.

"चमचा बी लोखंडाचाच की."

मंगळवारी तो साइटवर आला आणि चराच्या काठावर हात बांधून बसला. फोरमन पंजाबी होता, आवाजानं मोठा पण माणूस सरळ. त्यानं विचारलं, "बीमार है?" येळ्ळूरकराची हिंदी जेमतेम, त्यानं माझ्याकडे बोट केलं. मी समजावून सांगितलं. फोरमननं टोपी काढून घाम पुसला आणि मला म्हणाला, "इसको बोलो, अगले मंगल को ऐसे बैठा तो टिकट कटवा दूँगा. सीधा घर."

संध्याकाळी मी येळ्ळूरकराला चांगलं झापलं. "परत गेलास तर भाऊ काय म्हणतील रं?"

"भाऊ बी तेच पाळत्यात. लावणीचं दीस, रानात चिखल तयार, तरी औत न्हाय जुपत. तेंचा खोळंबा हुतोय आन् मी हितं खणू व्हय? चार मंगळवार हायत, अण्णा. बाकी काय बी सांगा, करतो."

मी स्वतः वार पाळणारा नाही. पण चार दिवसांपायी त्याची दोन वर्षं जावीत, हे मला पटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोरमनला हिंदीत म्हणालो, "मंगळवारी तो मला स्टोअरला द्या, पोती रचायला माणूस लागतोच. त्याची खोदाई तो शुक्रवारी भरून देईल."

"शुक्रवार को औज़ार कौन निकालके देगा?"

"मी."

फोरमन हसला. "तुम भी मंगलवाले हो क्या?" पण कबूल झाला.

शुक्रवारी उजाडतानाच आम्ही गेलो. साइट रिकामी. त्याला टिकाव दिला आणि मी स्टोअरच्या दारात बसलो. बसवेना. उठून फावडं घेतलं, तेही माझ्या नावावर लिहिलं आणि तो खणेल ती माती बाजूला ओढू लागलो.

"अण्णा, दमानं," तो खालून म्हणाला. "हीर न्हाय पाडायची आपल्याला."

ऊन चढल्यावर खोलीवर आलो, जेवलो आणि झोपलो ते दिवस कलेपर्यंत. मस्कतला आल्यापासून दिवसा डोळा लागला तो पहिल्यांदा. पुढचे शुक्रवार असेच गेले. ऑफिसात मी पुन्हा विचारायला गेलो नाही.

शेवटच्या मंगळवारची खोदाई त्यानं शुक्रवारी भरून दिली. शनिवारी मी आपणहून फोरमनला सांगितलं, काम पुरं झालं, आता सुट्टीला फाटक उघडायची गरज नाही. सवलत घेतली होती, ती वेळेत परत करायला हवी होती. फोरमन येळ्ळूरकराच्या पाठीवर थाप मारून गेला. तिकिटाचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढच्या शुक्रवारी उजाडताना मी बूट घालत होतो. येळ्ळूरकरानं चादरीतून तोंड काढलं.

"अण्णा, आषाढ सरला की."

"ठाऊक हाय."

"ह्याचा वार सुटला आन् अण्णांना लागला," निपाणीकर भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

मी साइटच्या फाटकापाशी गेलो. रखवालदार एव्हाना ओळखीचा झाला होता, पण त्यानं मान हलवली. सुट्टीला कुणाला आत सोडायचं नाही असा हुकूम आला होता. माझ्याच सांगण्यावरून आला होता, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. आत चर दिसत होते, काँक्रीट अजून पडलं नव्हतं. फाटक कधी उघडणार, असं मी त्याला विचारलं. मला ते माहीत होतं.

"कल सुबह," तो म्हणाला आणि आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मी बसलो नाही.