जावेच्या वाफ्यातली माती

थोरलीला स्वच्छतेचं असं वेड, की नवरा तिला 'साबणबाई' म्हणायचा. टोमॅटोच्या शेडनेटमधली माती ती दर हंगामात पत्र्यावर भाजून घेई. तरी तिचे टोमॅटो दुपारी माना टाकत आणि उपटले तर मुळांना गाठीच गाठी.

शेजारच्या शेडमध्ये धाकटी जाऊ सात वर्षं त्याच वाफ्यात टोमॅटो लावत होती. जुनी मुळंसुद्धा तिथंच कुजलेली. आणि झाडं मात्र फळांनी लगडलेली! पुढचंही पीक गेलं तर थोरलीची शेड धाकटीकडे द्यायची, असं सासऱ्यांनी बोलून दाखवलं, तेव्हापासून थोरलीला अन्न गोड लागेना.

माती तपासणाऱ्या बाईंनी दोन्हीकडचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. "गाठी करणारे सूत्रकृमी दोघींकडे आहेत; वरची माती भाजली तरी खालच्या थरातून ते पुन्हा येतात. पण धाकटीकडे त्यांच्या अंगाला जिवाणू चिकटलेत. ते कृमींना आतून पोखरतात, अंडी घालू देत नाहीत. वर्षानुवर्षं माती तशीच ठेवल्यामुळे ते टिकले, वाढले."

"म्हणजे आळशीपणाचं बक्षीस!" थोरली पुटपुटली. तिचा नुसता जळफळाट झाला. मागायला जायचं? मेले तरी नाही!

जाऊ बाहेर गेलेली पाहून तिनं भरदुपारी तिच्या वाफ्यातली घमेलंभर माती उचलून आणली. आणि आणल्या आणल्या, सवयीनं, तासभर खरपूस भाजली. चोरीची झाली म्हणून काय, घाण माती थोरलीच्या वाफ्यात जाणार होती थोडीच!

दोन महिन्यांनी ती माती घालून लावलेलं रोप तिनं उपटलं. गाठी जशाच्या तशा. बाईंना तिनं आडून आडून विचारलं.

"अहो, एवढ्या आचेत जिवाणू जगतील होय?" बाई हसल्या.

नवी लागवड तोंडावर आली होती. नाक मुठीत धरून थोरली जावेच्या दारात गेली.

"जरा माती हवी होती."

धाकटीनं कोपऱ्यातलं भरलेलं पोतं पुढे ओढलं. "घ्या ना, जाऊबाई. त्या दिवशी तुम्ही घमेलं नेलंत, तुमच्या शेडपर्यंत माती सांडलेली दिसली, तेव्हाच भरून ठेवलं. एवढ्याशानं काय होणार? म्हटलं, कधीतरी याल."

थोरलीनं खाली मान घालून पोतं उचललं. टोमॅटो तर टोमॅटो, आता मनही हिचंच मोठं निघालं होतं, आणि ते तिला जास्त झोंबलं.