देवरावांचं अनुमोदन

नंदनवन नावाच्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत नळ नव्हता आणि देवराव भोयरांना त्यांचं मत कोणी विचारत नव्हतं. दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच त्रास व्हायचा. हा माणूस खापरखेड्याच्या वीजघरात फिटर. ड्यूटीवरून आला की ओट्यावर बसून अख्खा देश चालवायचा. ऐकायला शेजारी म्हणून मी एकटा.

पंच्याऐंशी सालच्या महापालिका निवडणुकीआधी मात्र नवल घडलं. वॉर्डाचा उमेदवार ठरवायच्या बैठकीचं पार्टीनं देवरावांना बोलावणं धाडलं. आयुष्यातलं पहिलं. सोबत मलाही. गल्लीनं त्यांच्यावर एकच काम सोपवलं, इंदुताईंचं नाव सुचवायचं. इंदुताई शिवणकाम करायच्या, पार्टीच्या जुन्या सभासद, आणि नळासाठी चार वर्षं महापालिकेच्या पायऱ्या झिजवत होत्या. त्या निवडून आल्या तर नळ येईल, एवढा साधा हिशेब होता.

"भाऊ, नाव घ्यान ना माझं?" त्यांनी विचारलं.

"ताई, मी काय कोणाले भेतो का? छातीठोक घेतो!"

देवरावांनी मेहुण्याच्या लग्नात शिवलेला सफारी काढला. पोटावरचं बटण लागेना. त्यांच्या बायकोनं, कुसुमताईंनी, सेफ्टी पिन लावून दिली आणि म्हणाल्या, "जोरात श्वास घेऊ नका जी."

बैठक वॉर्डाध्यक्ष मनोहररावांच्या घरी होती. यांची शहराबाहेर वाडीला ट्रकांच्या मालाची गोदामं आणि घरी रुपराव नावाचा एक बिनकामाचा भाचा. दारातच तर्री-पोहे आणि हजेरीची वही. वहीच्या वरच्या अर्ध्या पानावर कोणीतरी पोह्यांची भरली ताटली ठेवलेली. मनोहररावांनी ताटलीच्या खालच्या कोऱ्या जागेत आपली सही केली आणि पेन देवरावांच्या हातात दिला.

"माझ्यानंतर तुम्ही. तुम्ही आमचे जुने मान्सं."

देवरावांची सही हा एक सोहळाच असायचा. भोयरमधल्या 'र'ला शेपूट, शेपटाला वळसा, वळशाखाली दोन टिंबं. इतक्या प्रेमानं मान दिल्यावर ताटली उचलून बघायचं भान कोणाला राहतं? मीही केली सही, खाली कुठंतरी.

मग मनोहररावांनी लोकशाहीवर भाषण केलं आणि विचारलं, "कोणाले काही सुचवायचं असन तर मोकळेपणानं सुचवा."

देवराव उठले. "मी इंदुताईंचं नाव सुचवतो!" सेफ्टी पिन तुटली तरी बसले नाहीत. त्या क्षणी मला त्यांचा खरोखर अभिमान वाटला.

मनोहरराव अजिबात चिडले नाहीत. "वा! अनुमोदन कोणाचं?"

पन्नास माणसं बसली होती. देवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी तर्रीतला एक चणा चमच्यात धरायला बघत होतो आणि तो काही केल्या धरता येईना.

"नाही ना कोणाचं? चला," म्हणून मनोहररावांनी दारातली वही मागवली, ताटली बाजूला केली आणि सकाळपासून लिहून ठेवलेला ठराव वाचला. "ही सभा रुपराव यांच्या नावाची एकमतानं शिफारस करते. सूचक, मनोहरराव. अनुमोदक, देवराव भोयर."

"पण मी तर आत्ताच..."

"सही तुमचीच हाय ना?"

देवरावांनी वाकून वही पाहिली. शेपूट, वळसा, दोन टिंबं. "माझीच हाय," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि अनुमोदक म्हणून त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी हातपंपावर इंदुताई पाणी भरत होत्या. देवराव हार काढायलासुद्धा विसरले होते.

"ताई, घेतलं तुमचं नाव. सगळ्यायसमोर घेतलं."

"मंग?"

"एक अनुमोदन पायजे होतं. एकच. नाही भेटलं. अन् वरून मलेच फसवून सही घेतली त्यायनं." एवढं बोलून ते मान खाली घालून घरात गेले.

इंदुताईंनी पंपाचा दांडा सोडला आणि माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही बी गेले होते ना जी?"

माझा मेहुणा मनोहररावांच्या गोदामात मुकादम आहे, हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "हो, होतो."